ब्रॅकेट आणि हिरडी यांच्यामधली पट्टी

ती आमच्याकडे आली तेव्हा चौदा वर्षांची होती आणि दातांना तारा बसून दहा महिने झाले होते. कुटुंबाचं राहण्याचं ठिकाण बदललं, म्हणून अर्ध्यावर आलेले उपचार आमच्याकडे पुढे न्यायचे होते. वरच्या दोन उपदाढा काढलेल्या होत्या, त्यांच्या जागा निम्म्याहून अधिक मिटल्या होत्या, पुढे आलेले दात बऱ्यापैकी मागे गेले होते. दात सरकवण्याचं काम चांगलं चाललं होतं, यात शंका नव्हती. आई समाधानी होती, मुलगीही खूश होती. दोघींचा प्रश्न एकच: आता किती महिने राहिले?

आम्ही वायर सोडवली, दात पुसले, हवेचा फवारा मारून वरची ओळ पाच सेकंद कोरडी केली. मधल्या दोन दातांच्या बाजूचे जे छोटे पटाशीचे दात असतात, त्यांच्यावर ब्रॅकेट (दातावर चिकटवलेला, वायर धरून ठेवणारा छोटा तुकडा) आणि हिरडी यांच्यामध्ये निस्तेज पांढरी कड दिसली. ही कड ओल्या दातावरही दिसत होती. दोन्ही सुळ्यांवर तशीच कड होती, पण ती फक्त कोरडं केल्यावर उमटत होती. खालच्या उजव्या उपदाढेवर पांढऱ्या डागाच्या मधोमध इनॅमलचा, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण कवचाचा, छोटासा तुकडा गेलेला होता आणि तिथे पृष्ठभाग खरखरीत लागत होता.

ओल्या दातावर दिसणं आणि कोरड्या दातावर दिसणं यातला फरक किरकोळ वाटेल, पण पुढचे सगळे निर्णय त्यावरच ठरले. निरोगी इनॅमलचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश त्यात शिरताना किती वाकतो याचं माप, सुमारे १.६२ असतो. इनॅमलमधून खनिज निघून गेलं की तिथे सूक्ष्म छिद्रं तयार होतात. ती पाण्याने भरलेली असली तर पाण्याचा १.३३ आणि इनॅमलचा १.६२ यांत अंतर कमी असतं, त्यामुळे प्रकाश फारसा विखुरत नाही आणि डाग लपतो. फवाऱ्याने पाणी उडालं की छिद्रांत हवा शिरते, तिचा अपवर्तनांक १, अंतर वाढतं आणि तोच डाग पांढरा दिसू लागतो. खरखरीत दुधी काच ओली केली की आरपार दिसतं आणि वाळली की पुन्हा धूसर होते, त्यातला हा प्रकार. म्हणजे कोरडं केल्यावरच दिसणारा डाग उथळ असतो. ओल्या दातावरही दिसणारा डाग बराच खोल गेलेला असतो. घरच्या आरशात पालकांना डाग दिसेपर्यंत पहिला टप्पा मागे पडलेला असतो. म्हणून हे काम डॉक्टरांचंच आहे आणि ते प्रत्येक भेटीत, नवी वायर घालण्याआधी व्हायला हवं, असं आम्ही ठामपणे मानतो.

जुनं काय, नवं काय

पांढरं दिसलं म्हणजे तारांमुळेच झालं असं नसतं. या मुलीच्या मधल्या दोन दातांवर आडव्या, पुसट पांढऱ्या रेषाही होत्या. आईने फोनमध्ये जपून ठेवलेले उपचारांआधीचे फोटो दाखवले आणि प्रश्न सुटला. त्या रेषा तेव्हाही होत्या, दोन्ही बाजूंना सारख्या होत्या, दातभर पसरलेल्या होत्या. दात हिरडीखाली तयार होत असतानाच फ्लोराइड जास्त पोटात गेलं तर असं होतं. हा सौम्य फ्लोरोसिस. त्यात इनॅमल कठीण आणि चकचकीत राहतं. हिरडीलगतच्या निस्तेज कडा मात्र जुन्या फोटोत कुठेच नव्हत्या.

तो फोटो नसता तर निदान अडलं नसतं, कारण जागा आणि पोत यांवरून बरंच कळतं. ब्रॅकेटच्या कडेने आणि हिरडीला समांतर जाणारा डाग हा दातावर साचलेल्या जंतूंच्या चिकट थराचाच (प्लाकचा) असतो. पण ‘हे आधीपासून होतं’ आणि ‘हे तुमच्या उपचारांत झालं’ हा वाद डॉक्टर आणि पालक यांच्यात उभा राहिला की विश्वास तुटतो, आणि तो तुटलेला असताना मुलाला शिस्त लावणं फार कठीण जातं. ब्रॅकेट चिकटवण्याआधी स्वच्छ, कोरड्या दातांचे जवळून घेतलेले फोटो असायलाच हवेत. पालकांनीही ते मागून घ्यावेत.

पुढचा प्रश्न डाग चालू आहे की थांबलेला. चालू डाग निस्तेज असतो आणि खरखरीत लागतो, बहुधा त्यावर थर बसलेला असतो. थांबलेला डाग पांढरा किंवा तपकिरी असला तरी चकाकतो आणि गुळगुळीत लागतो. हे गोल टोकाच्या प्रोबने (तपासणीच्या बारीक सळईने), अगदी हलक्या हाताने पाहायचं. अणकुचीदार टोक टोचून पाहण्याची सवय या ठिकाणी घातक ठरते, कारण डागाच्या वरचा पातळ थर अजून शाबूत असतो आणि आतला भाग सच्छिद्र झालेला असतो. तो वरचा थर टोचून फोडला की जो डाग भरून येऊ शकला असता, त्याचा खड्डा होतो. आमच्या मुलीच्या सगळ्या कडा चालू होत्या.

तारा आल्या की तोंडात काय बदलतं

इनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. त्यात जिवंत पेशी नसतात, म्हणून गेलेला तुकडा शरीर पुन्हा बनवू शकत नाही. पण खनिजाची देवाणघेवाण रोज चालू असते. थरातले जंतू साखरेचं आम्ल करतात, पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की खनिज विरघळू लागतं, आणि लाळ आम्ल निवळून कॅल्शियम व फॉस्फेट परत देते तेव्हा ते पुन्हा बसतं. एकदा गोड खाल्लं की थरातला पीएच काही मिनिटांत घसरतो आणि सावरायला अर्धा ते एक तास लागतो. तारा नसलेल्या मुलाचा दिवसभराचा हिशोब यात कसाबसा जुळतो.

तारा बसल्या की तो बिघडतो. ब्रॅकेट, वायर, रबर यांच्या आडोशाला थर साचतो, ओठ आणि जीभ दात घासून जातात ते बंद होतं, लाळ पोचायला अडथळा येतो, आणि आम्ल करणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस म्युटन्ससारख्या जंतूंचं प्रमाण वाढतं. हे किती लवकर होतं, हे १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून कळतं. पुढे काढायच्याच असलेल्या उपदाढांवर थर साचेल असे सैल पट्टे मुद्दाम बसवले, तेव्हा चार आठवड्यांत डोळ्यांना दिसणारे डाग तयार झाले. चार आठवडे म्हणजे दोन भेटींमधलं नेहमीचं अंतर. १९८२ च्या एका नावाजलेल्या पाहणीत तारा लावलेल्यांपैकी सुमारे निम्म्या रुग्णांच्या निदान एका दातावर पांढरा डाग आढळला, आणि तारा न लावलेल्यांत हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश होतं. वरचे बाजूचे पटाशीचे दात सर्वांत जास्त सापडले. खालच्या पुढच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला तार चिकटवलेल्यांत मात्र डाग आढळले नाहीत. लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथे जवळच उघडतात. लाळेचं महत्त्व सांगायला याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

या मुलीच्या बाबतीत नेमकं काय घडत होतं

थर दाखवणारं रंगीत द्रावण लावलं आणि आरसा तिच्या हातात दिला. ब्रॅकेटच्या खालचा, म्हणजे चावण्याच्या कडेकडचा भाग स्वच्छ होता. ब्रॅकेटच्या वरची पट्टी मात्र गडद रंगली होती. सगळ्या दातांवर, एकसारखी. ही मुलगी आळशी नव्हती. ती दिवसातून दोनदा घासत होती, पण एका ठरावीक जागेपर्यंतच.

“तिथे घासलं की रक्त येतं, डॉक्टर,” ती म्हणाली. “मग मी तिथे ब्रश लावत नाही. जखम वाढेल ना.”

या एका वाक्यात सगळं प्रकरण होतं. थर साचतो, हिरडी सुजते, घासलं की रक्त येतं, रक्त दिसलं की मूल तिथून ब्रश दूर ठेवतं, थर आणखी साचतो. सुजलेली हिरडी खाली उतरून ब्रॅकेटला टेकते, मग घासायला जागाच उरत नाही. मुलाला ‘नीट घास’ असं शंभरदा सांगून यातून सुटका होत नाही, कारण त्याच्या मते ते नीटच घासत असतं आणि काळजीही घेत असतं. रक्त येणं हे तिथेच घासायची गरज असल्याचं लक्षण आहे, आणि रोज मऊ ब्रशने हळुवार साफ केलं तर साधारण आठवडा-दोन आठवड्यांत ते थांबतं, हे कुणीतरी समोर बसून सांगावं लागतं. तारा लावलेल्या प्रत्येक मुलाला पहिल्याच आठवड्यात हे सांगितलं पाहिजे. आम्ही ज्या सूचना देतो त्यांत आता हीच सर्वांत वर असते.

दुसरं कारण ब्रॅकेटच्या कडेला होतं. ब्रॅकेट चिकटवताना बाहेर आलेलं जास्तीचं रेझिन (चिकटवायला वापरतात ते प्लास्टिकसारखं द्रव्य) काढलेलं नव्हतं. हे रेझिन खडबडीत असतं आणि इनॅमलपेक्षा त्यावर थर लवकर बसतो. रेझिन आणि इनॅमल यांच्या सांध्यावर नेमका डाग सुरू झाला होता. जागा मिटवण्यासाठी लावलेली रबरी साखळीही दातांच्या मानेशी थर धरून बसली होती.

तिसरं कारण बोलता बोलता निघालं. शाळा सुटल्यावर ती खेळाच्या सरावाला जायची, आणि तो सगळा वेळ बाटलीतलं गोड, आंबट स्पोर्ट्स ड्रिंक घोट घोट पीत राहायची. एका बसणीत तीच बाटली संपवली असती तर आम्लाचा एक झटका बसला असता. घोटाघोटाने पिताना पीएच सावरायच्या आत पुन्हा खाली येत होता. त्यात नाक चोंदलेलं, म्हणून तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायची सवय, म्हणून वरचे पुढचे दात कोरडे, म्हणजे लाळेचा आधार सर्वांत कमी तिथेच. प्रमाण महत्त्वाचं असतंच, पण किती वेळा हा प्रश्न आधी विचारावा.

थांबायचं, काढायचं की पुढे जायचं

आई म्हणाली, “दात सरळ होतायत ना डॉक्टर? मग डाग काय, शेवटी काढून टाकता येतील की.”

हा विचार अगदी स्वाभाविक आहे आणि बहुतेक घरांत तसाच होतो. आम्ही त्यांना सांगितलं की शेवटी जे काढता येतं ते डागाचं दिसणं. गेलेलं इनॅमल पूर्वीसारखं होत नाही. वाकडे दात पाच वर्षांनीही सरळ करता येतात. त्यामुळे दोन्हींत निवड करायची वेळ आली तर आम्ही इनॅमलच्या बाजूने उभे राहू, आणि डाग वाढतच राहिले तर जागा पूर्ण मिटलेल्या नसतानाही ब्रॅकेट काढू. हे मुलीच्या समोर, तिच्याशी बोलत सांगितलं. तिला घाबरवण्याचा हेतू नव्हता. चौदा वर्षांच्या मुलीला तिच्या दातांबद्दलचा निर्णय आडून कळू नये, एवढंच.

लगेच ब्रॅकेट काढले नाहीत, कारण तोवर मुलीने काही ऐकायला नकार दिला नव्हता; तिला खरं कारण कुणी सांगितलंच नव्हतं. पण दात सरकवणं थांबवलं. ताण देणारी वायर काढून हलकी, जोर न लावणारी वायर ठेवली, म्हणजे मिटलेली जागा पुन्हा उघडणार नाही. रबरी साखळी काढून दात स्टीलच्या बारीक तारेने बांधले. ब्रॅकेटभोवतीचं जास्तीचं रेझिन भिंगातून पाहत, फिनिशिंग बरने (दात घासायच्या यंत्राच्या बारीक फिरत्या टोकाने) काढलं. खालच्या उपदाढेवरच्या खड्ड्यात ग्लास आयनोमर हे दात भरायचं सिमेंट भरलं. ते इनॅमलला रासायनिकरीत्या चिकटतं आणि हळूहळू फ्लोराइड सोडतं, म्हणून तारा असताना ते सोयीचं पडतं. नाकासाठी तिला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं.

घासायला शिकवणं हा स्वतंत्र उपचार धरला. ब्रश तिरका, हिरडीकडे तोंड करून, वरच्या पट्टीवर; मग उलटा तिरका, ब्रॅकेटच्या खाली; मग वायरच्या आतून दोन ब्रॅकेटांच्या मध्ये छोटा इंटरडेंटल ब्रश. आम्ही करून दाखवलं नाही, तिच्याकडून करून घेतलं आणि मग पुन्हा रंग लावला. जिथे रंग उरला, तिथे तिनेच बोट ठेवलं. घरी रात्रीचं घासणं आईच्या नजरेसमोर व्हावं असं ठरलं. या वयातल्या मुलीला ते आवडत नाही, तिलाही आवडलं नाही, पण काही आठवड्यांपुरतं असल्याने तिने मान्य केलं. सरावाला साधं पाणी, आणि ते दुसरं पेय हवंच असेल तर जेवणाबरोबर.

फ्लोराइडचा भाग

फ्लोराइड दोन कामं करतं. आम्ल असताना खनिज कमी विरघळू देतं, आणि परत बसणारं खनिज अधिक टणक करतं. फ्लोराइडयुक्त खनिज पीएच ४.५ च्या आसपास येईपर्यंत टिकाव धरतं. तिला १४५० पीपीएम (दहा लाख भागांत १४५० भाग) फ्लोराइडची नेहमीची टूथपेस्ट चालू ठेवायला सांगितली, एका बदलासह: घासून झाल्यावर फेस थुंकायचा, पण पाण्याने चूळ भरायची नाही. त्याशिवाय दिवसातून एकदा ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडच्या माउथवॉशची गुळणी, तीही घासण्याच्या वेळी न करता दुपारी शाळेतून आल्यावर, म्हणजे दिवसातून तीनदा फ्लोराइड पोचेल. प्रत्येक भेटीत थर साफ करून, दात वाळवून, ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं वार्निश, म्हणजे दातावर चिकटून राहणारा लेप, डागांवर लावलं. त्यात २२,६०० पीपीएम फ्लोराइड असतं आणि ते काही तास दातावर चिकटून राहतं.

वार्निशबद्दल पुरावा काय सांगतो, हे पालकांना खरं तेच सांगितलं. स्वीडनमधल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दर भेटीत फ्लोराइड वार्निश लावलेल्या मुलांपैकी ७.४ टक्क्यांना नवे डाग आले, तर बिनफ्लोराइडचं वार्निश लावलेल्यांत २५.३ टक्क्यांना. आकडे मोठे आहेत. पुढच्या अभ्यासांत मात्र फायदा इतका ठळक दिसला नाही आणि २०१९ च्या कॉक्रेन आढाव्याने (उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासाने) या सगळ्या पुराव्याची खात्री कमीच धरली. त्याच आढाव्यात ५००० पीपीएमची टूथपेस्ट नेहमीच्या टूथपेस्टपेक्षा उपयोगी ठरल्याचं दिसतं, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच आणि नीट थुंकता येणाऱ्यानेच वापरायची गोष्ट आहे. या मुलीला धाकटा भाऊ होता आणि घरात एकच टूथपेस्ट वापरली जात होती, म्हणून आम्ही तो मार्ग धरला नाही.

दुधातल्या केसिनपासून बनवलेल्या कॅल्शियम-फॉस्फेटच्या क्रीमबद्दल आईने विचारलं. ती वापरून नुकसान नाही, दुधाच्या प्रथिनांची अॅलर्जी असेल तर मात्र वापरू नये. पण फ्लोराइड टूथपेस्टपेक्षा जास्त काही मिळतं, असं खात्रीने म्हणता येत नाही. एका मुलीकडून रोज किती गोष्टी करून घ्यायच्या, यालाही मर्यादा असते. आम्ही क्रीम टाळली आणि घासण्यावर सगळा जोर ठेवला.

पुढच्या भेटीत आई घाबरून आली. डाग मोठे झाल्यासारखे दिसत होते. फोटो शेजारी ठेवून पाहिल्यावर कळलं की डागांची खालची कड होती तिथेच आहे. सूज उतरून हिरडी वर सरकली होती आणि तिच्याखाली झाकलेला डागाचा भाग उघडा पडला होता. पृष्ठभाग आधीपेक्षा चकचकीत लागत होता. म्हणजे जे दिसत होतं ते सुधारण्याचं लक्षण होतं. एकसारख्या प्रकाशात, एकाच कोनातून घेतलेले फोटो नसते तर या टप्प्यावर चुकीचा निर्णय झाला असता.

रक्त येणं थांबलं, द्रावणाचा रंग फक्त दोन-चार कोपऱ्यांत उरला, तेव्हा जागा मिटवण्याचं काम पुन्हा सुरू केलं. परीक्षेच्या दिवसांत एकदा थर पुन्हा वाढला. त्या भेटीत वायर बदलली नाही, फक्त साफ केलं आणि लवकरची तारीख दिली. उरलेले महिने सुरळीत गेले, नवा डाग एकही आला नाही.

तारा निघाल्यावर घाई नको

ब्रॅकेट काढणं हाही इनॅमलसाठी जोखमीचा क्षण असतो. ब्रॅकेटचे पंख हळू दाबून ते सोडवायचे, ओढायचं नाही. दातावर राहिलेलं रेझिन टंगस्टन कार्बाइडच्या बरने, कमी वेगात, मधूनमधून वाळवून पाहत काढायचं. डायमंड बर वापरला तर इनॅमलवर ओरखडे राहतात. डागांच्या जागी तर जास्तच सांभाळलं, कारण तिथला वरचा पातळ थर घासून गेला असता तर डाग भरून यायची शक्यताही गेली असती.

आरशात पाहून मुलगी आधी हसली, मग गप्प झाली. ब्रॅकेट निघाल्यावर त्यांच्या जागी निरोगी इनॅमल आणि भोवती पांढरी चौकट, असं दिसत होतं. दोघींची इच्छा होती की त्याच आठवड्यात काहीतरी करावं. इथे आम्ही नाही म्हटलं. तारा असताना डाग दिसला की एक दिवसही दवडायचा नाही, आणि तारा निघाल्यावर मात्र काही महिने हात आखडता ठेवायचा, असा आमचा नियम आहे. आडोसे गेले, लाळ पुन्हा पोचू लागली, ओठांचं घर्षण परत आलं, की डाग आपोआप फिके होऊ लागतात आणि सर्वांत जास्त सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत होते. या काळात पुढच्या दातांच्या डागांवर तीव्र वार्निशही लावलं नाही. तीव्र फ्लोराइडने वरचा थर झटकन भरतो आणि आतला सच्छिद्र भाग तसाच बंद होऊन पांढरेपणा कायम राहतो, असं मत आहे. त्याला भक्कम चाचण्यांचा आधार नसला तरी साधी टूथपेस्ट आणि लाळ यांनी काम होत असताना जोखीम कशाला घ्यायची, असा आम्ही विचार केला. मागच्या दातांवर, जिथे दिसण्यापेक्षा डाग थांबणं महत्त्वाचं, तिथे वार्निश चालू ठेवलं.

रिटेनरबद्दल, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणाऱ्या साच्याबद्दल, एक सूचना पुन्हा पुन्हा दिली: तो घातलेला असताना साध्या पाण्याखेरीज काहीही प्यायचं नाही. पारदर्शक रिटेनर दातांना घट्ट बसतो, त्याच्या आत गोड पेय अडकलं की लाळ ते धुऊन नेऊ शकत नाही.

सहा महिन्यांनी सुळ्यांपैकी एक पूर्ण निवळला होता, दुसऱ्यावर पुसट कड उरली होती. बाजूच्या दोन पटाशीच्या दातांवरचे डाग आकसले होते, पण हसताना दिसत होते आणि मुलीला खुपत होते. तेव्हा रेझिन इन्फिल्ट्रेशन केलं. जर्मनीत विकसित झालेली ही पद्धत २००९ पासून दवाखान्यांत वापरात आहे. हिरडी रबर डॅमने (रबराच्या पातळ पडद्याने) झाकून १५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाची जेल दोन मिनिटं लावायची, म्हणजे खनिजाने भरलेला वरचा थर उघडतो. धुऊन, इथेनॉलने वाळवून, अतिशय पातळ रेझिन तीन मिनिटं मुरू द्यायचं आणि प्रकाशाने घट्ट करायचं. रेझिनचा अपवर्तनांक सुमारे १.५, म्हणजे इनॅमलच्या जवळ. छिद्रांत हवा-पाण्याऐवजी ते बसलं की पांढरेपणा मावळतो. इथेनॉल लावल्यावर डाग क्षणभर फिका पडतो का, हे पाहून रेझिन कितपत काम करेल याचा अंदाज आधीच घेता येतो. डाव्या दातावर तो पुरेसा फिका पडला नाही, म्हणून आम्लाची जेल पुन्हा लावली.

उजवा दात एकजीव झाला. डाव्यावर हिरडीलगत एक बारीक पांढरी रेघ राहिली. मायक्रोअॅब्रेजनने ती आणखी कमी करता आली असती, पण त्यात आम्ल आणि घासणं मिळून इनॅमल आणखी जातं. मुलीला आरसा देऊन विचारलं. ती म्हणाली, “राहू दे.” मधल्या दातांवरच्या जुन्या आडव्या रेषांनाही हात लावला नाही. त्या तिच्या लहानपणापासूनच्या होत्या आणि तिला त्यांचा त्रास नव्हता. सुळ्यावरची कडही तशीच सोडली, ती अजून फिकी होत होती.

तिच्या नेहमीच्या दंतवैद्यांना आम्ही पत्र दिलं. कोणत्या दोन दातांत रेझिन मुरवलं, केव्हा, सोबत आधीचे आणि नंतरचे फोटो. हे रेझिन एक्स-रेवर दिसत नाही, आणि पुढे कधी तिने दात ब्लीच करून घ्यायचे ठरवले तर रेझिन भरलेली जागा बाकीच्या इनॅमलसारखी उजळेलच असं नाही, म्हणून ही नोंद तिच्याजवळही हवी. पत्राची एक प्रत आईने फोनमध्ये, उपचारांआधीच्या फोटोंच्या शेजारी ठेवली. खालच्या उपदाढेतलं ग्लास आयनोमर झिजतं का, हे दर सहा महिन्यांनी पाहायचं आहे. झिजलं तर तिथे दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट भरू.